वावरात चार अंडी आहेत

९ जुलै, रात्री

प्रिय सुध्या,

पोळ्याला फोनवर बोललो, त्यानंतर आज. दहा महिने झाले. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं मला तिसऱ्याच माणसाकडून कळलं, तरी मी फोन केला नाही. केला असता तर तू सवयीनं विचारलं असतंस, "वावराचं काय म्हणते?" आणि तेव्हा माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. आता आहे, पण ते फोनवर सांगता येत नाही. चारदा तुझा नंबर काढला आणि ठेवून दिला. शेवटी धाकटीच्या वहीची मधली पानं काढून बसलो. लाईन गेली आहे, टॉर्च उशीला टेकवून ठेवली आहे, अक्षर लागलं नाही तर समजून घे.

तब्येती सांगून टाकतो. बाबांची शुगर तशीच, गोड खाणंही तसंच. तुझ्या वहिनीची कंबर दुखते, दवाखान्याचं नाव काढू देत नाही. मी बरा आहे.

यंदा मिरगानं फसवलं रे. १२ जूनला दुपारी असा कोसळला की दीड तासात नाला भरून वाहिला. तालुक्याच्या मोजणीत ४१ मिलिमीटर आला. कृषी खात्याचे लोक दरवर्षी घसा फोडून सांगतात, ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. मी स्वतः ग्रामसभेत उभं राहून हेच सांगितलेलं आहे. पण १४ तारखेला पांदणीनं निघालो तर दोन्ही बाजूंना तिफणी आणि ट्रॅक्टर चालू, मातीचा तो वास, वर पावशा एकसारखा "पेरते व्हा, पेरते व्हा" करून राहिलेला. अर्धं गाव पेरतंय आणि आपण हात बांधून उभे, हे सोसत नाही. मीही पेरलं. खाली पाच एकर सोयाबीन, वरच्या मुरमाडीत दोन एकर पऱ्हाटी.

पाचव्या दिवशी तासं दिसू लागली. सोयाबीनचा कोंब कसा येतो आठवतं? वाकलेला, मातीला डोक्यानं ढुसण्या देत, दोन्ही दळं मिटलेली, जसा कोणी पाठीवर कट्टा घेऊन उठतो आहे. मी उकिडवा बसून पाहत राहायचो. आणि तिथून जो पाऊस गेला तो गेलाच. रोज दुपारी टिपेश्वरच्या जंगलावर काळं व्हायचं, वारा सुटायचा, पत्रे वाजायचे, आणि सगळं उठून पलीकडे निघून जायचं. वरच्या मातीची पापडी झाली. हवामानवाले सांगत होते की पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला आहे, म्हणून तिकडे पूर आणि इकडे कोरडं. मोठ्या पोराला मी हे सगळं समजावून सांगितलं, पट्टा सरकतो तसा परतही येतो म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, कधी येतो?"

पैशाचं तुला वेगळं सांगायला नको. पीककर्ज नवंजुनं करून घेतलेलं, कृषी केंद्रात उधारी, तुझ्या वहिनीची पोत मागच्या वर्षापासून गहाण. दुबार पेरायचं तर कशानं, आणि पेरल्यावर तिबार करायची वेळ आली तर, हा हिशेब रात्री दोन वाजता सुरू व्हायचा आणि कोंबडा आरवला तरी उत्तर येत नव्हतं. बाजूला झोपलेली तुझी वहिनी जागीच असायची, पण दोघंही बोलत नव्हतो.

गावात पोरांनी धोंडी काढली. मुसळाला बेडूक बांधलेला, निंबाचा पाला, घरोघरी बायका वरून पाणी ओतताहेत. मला आपल्या दहावीचं वर्ष आठवलं. मी तुमचा बेडूक सोडून दिला होता आणि मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर तू माझ्या कानाखाली वाजवली होतीस. त्याच रात्री धो धो पाऊस आला. मी म्हणालो बेडूक सोडला म्हणून आला, तू म्हणालास अर्धी धोंडी तरी झाली होती म्हणून आला. आठ दिवस बोललो नाही आपण. ती चापट तुझ्या नावावर अजून बाकी आहे, लक्षात ठेव. या वेळी पोरं दारात आली तेव्हा मी काही बोललो नाही. तुझ्या वहिनीनं तांब्याभर पाणी ओतलं, मी बाजूला उभा राहून त्या बेडकाच्या पाठीवरून ओघळणारं पाणी पाहत राहिलो.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. शांतपणे वाच.

२७ जूनची संध्याकाळ. मी वावरात गेलो. तास उपटून पाहिलं, मूळ सुकून सुतासारखं झालेलं, दांडी मुठीत चुरली. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं. नंतर उपटणंही सोडून दिलं आणि नुसता चालत राहिलो. सुध्या, त्या दिवशी मला काहीच वाटेना झालं होतं. राग यावा तर राग नाही. रडू येत नव्हतं. उद्या सकाळी उठायचं कशासाठी, एवढाच एक प्रश्न होता आणि तोही मोठ्यानं नव्हता. घाबरू नकोस. तसलं काही करायला मी गेलो नव्हतो, तुझ्याशी मी खोटं बोलणार नाही. पण तुझा दादा ज्या जागी जाऊन पोचला होता ती जागा मला त्या दिवशी दुरून दिसली. फार दुरूनही नाही.

आणि तेवढ्यात डोक्यावर टिटवी आली. ओरडत सरळ कपाळाच्या रोखानं आली, वीतभरावरून वळली, परत आली. मी हातानं हुसकतोय आणि ती हटत नाही. दुसरी समोर जमिनीवर पंख पाडून धावते आहे. मी पाऊल उचललेलं होतं ते तसंच थांबलं. खाली पाहिलं तर पायाच्या पुढे, तासाच्या मधोमध, चार अंडी.

ती दिसतच नाहीत रे. रंग वाळल्या मातीचा, वर शाई झटकल्यासारखे काळे ठिपके. चारींची निमुळती टोकं आत एकमेकांना लागलेली. भोवती मुरमाचे बारके खडे आणि बकरीच्या लेंड्या रचलेल्या, त्यालाच घरटं म्हणायचं. माझं पाऊल पडलं असतं तर मला कळलंही नसतं. मी मागे मागे सरकत धुऱ्यावर आलो आणि तिथे बसलो. दहा मिनिटांनी ती परत येऊन अंड्यांवर बसली. अंधार पडेपर्यंत मी तिथेच होतो. त्या रात्री जेवलो, आणि बऱ्याच दिवसांनी हिशेब सुरू व्हायच्या आधी झोप लागली.

बाबांना सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "उंचावर हायेत का खोलगट?" मी म्हणालो खालच्या अंगाला. ते गप्प झाले. तुला माहीत आहे, टिटवीनं खोलगट जागी अंडी घातली की पाणी कमी. मी आयुष्यभर ह्या गोष्टीला नाही म्हणत आलो, आणि तरी त्या "खोलगट"नं माझ्या पुढच्या दोन रात्री खाल्ल्या. बुद्धी एक सांगते आणि पोटातला गोळा दुसरंच.

म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाहायलाच गेलो. पळसाच्या सावलीत गमछा डोक्यावर घेऊन बसलो. ऊन असं की धुरा हलताना दिसत होता. टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, उभी होती, पंख थोडे सोडून, सावली धरल्यासारखी. तिचा जोडीदार उडाला आणि आपल्या शेततळ्यावर गेला. तळ्यात तेव्हा घोट्याएवढंच पाणी उरलं होतं, हिरवट. तो पाण्यात उतरला, पोट बुडेपर्यंत बसला, उठला, परत बसला. मला वाटलं आंघोळ करतो आहे. तिथून तो सरळ अंड्यांकडे आला. ती बाजूला झाली आणि हा ओल्या पोटानं अंड्यांवर बसला. थोड्या वेळानं ती गेली. तीही तशीच, पोट भिजवून परत. तासाभरात पाच खेपा मोजल्या मी. उन्हात अंडी तापून आतला जीव मरू नये म्हणून पोटाच्या पिसांत पाणी धरून आणतात ते. एका फेरीला दोघंही जरा दूर होते तेव्हा मी हळूच जवळ जाऊन पाहिलं. खड्यांवर ओलीचा डाग होता. रुपयाएवढा. पाच एकरांत तेवढीच ओल होती.

माझे हात जोडले गेले, सुध्या. मी जोडले असं म्हणवत नाही, ते जोडले गेले. आजूबाजूला कोणी नव्हतं. कोणाला, कशाला, हे मला सांगता येणार नाही, आणि तू विचारू नकोस. मागितलं काही नाही. पाऊसही मागितला नाही.

लोणार आठवलं. शेवटच्या वर्षाच्या सहलीत गोमुखाच्या धारेखाली तू डोळे मिटून उभा होतास आणि मी बाजूला उभा राहून उल्केवर व्याख्यान देत होतो, की बेसॉल्टच्या खडकात आदळून पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचा खड्डा पडला, दैत्य वगैरे काही नाही. तू डोळे न उघडता म्हणालास, "उल्का खरी, पन खाली खारट तळं अन् काठावर बारा महिने गोडं पानी, ह्याच्यापुढं मान वाकवली तं तुह्या उल्केचं काय जाते?" तेव्हा मी हसलो होतो. पुढे २०२० च्या जूनमध्ये लॉकडाऊनमध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा तुझा रात्री फोन, "तुही उल्का लाजली बे!" मी लगेच मिठात जगणारे सूक्ष्मजीव, उन्हाळ्यात पाणी आटून वाढलेला खारटपणा, सगळं ऐकवलं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तेच सांगितलं होतं, ते खरंच होतं. पण टिटवीच्या ओल्या पोटाचं कारणही मला आता पक्कं ठाऊक आहे आणि तरी हात खाली आले नाहीत. तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षांनी देतो आहे. काही जात नाही.

आणि बाबांच्या "खोलगट"चं मी माझ्यापुरतं असं लावलं की तिला पावसाचं आधी कळत असतं तर ती खेपा कशाला घालत बसली असती? तिलाही माहीत नाही. मला जेवढं माहीत नाही तेवढंच. हे लक्षात आलं आणि छातीवरचं काहीतरी उतरलं. आभाळाखाली न कळणारा मी एकटाच आहे असं मला तोवर वाटत होतं.

आता दादाचं. बारा वर्षं झाली. तेरवीच्या रात्री तू देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधले आणि वाघाडीत सोडून आलास. ओल्या पायांनी कोठ्याजवळ उभा राहून मला म्हणालास, "आता कोनापुढं हात जोडू सांग." आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो की हात जोडून काही होत नव्हतंच, दादानं हिंमत धरायला पाहिजे होती. तू काही बोलला नाहीस. वर्षभरात वावर विकून काकूंना घेऊन पुण्याला गेलास आणि मी गावभर सांगत फिरलो की सुध्या पळाला.

सुध्या, मी चुकलो होतो. हिंमत ही खिशातल्या बिडीसारखी गोष्ट नाही, पाहिजे तेव्हा काढायची. २७ तारखेला माझ्याजवळ ती नव्हती, आणि ती मी हरवली असंही नव्हतं. दादाच्या वाटेत त्या संध्याकाळी काही आडवं आलं नाही, माझ्या आलं. एवढाच फरक आहे आणि त्यात माझी काही कमाई नाही. पंचनाम्याचे कागद झाले, मदतीच्या पात्र-अपात्रतेची चर्चा झाली, आणि आपल्यापैकी कोणीही असं म्हणालं नाही की दादा फार दमला होता. मोठ्या वहिनींनाही हे मला एकदा तोंडानं सांगायचं आहे. त्या येत नाहीत गावाकडे, बरोबरच आहे त्यांचं. तू त्यांना हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल. पाहा तुला काय वाटतं ते.

तुझ्या वहिनीला मी त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं. सांगायचं नाही ठरवलं होतं, पण टिटवीचं सांगता सांगता तेही आलं. ती चुलीपुढून उठली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मायाजवळ तीन कट्टे हायेत." मागच्या हंगामातलं निवडक सोयाबीन, माळ्यावर तुराट्यांच्या मागे. विकायला काढलं असतं तर मी उधारीत घालून बसलो असतो म्हणून तिनं सांगितलंच नव्हतं! दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी बसून उगवण पाहिली. शंभर दाणे मोजले, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या रांगा लावल्या, गुंडाळी करून माठाजवळ ठेवली. दोन वेळ पाणी शिंपडायचं काम धाकटीकडे होतं. पाचव्या दिवशी उघडलं. मी मोजत होतो, ती मोजत होती, धाकटी दोघांच्या पुढे. ८१ फुटले होते. ७० असले तरी पेरता येतं. तीन कट्ट्यांत पाच एकर निघतात. तेव्हा तुझी वहिनी रडली. मला इतके दिवस वाटत होतं ती खंबीर आहे.

६ तारखेच्या रात्री पाणी आलं. विजा नाहीत, गडगडाट नाही, नुसतं सलग, पहाटेपर्यंत. मी अंथरुणात ऐकत होतो आणि आनंदाच्या आधी पोटात खड्डा पडला, कारण खोलगट! अंडी खालच्या अंगाला आहेत. चार वाजता बॅटरी घेऊन निघालो. बाबा खाटेवरून म्हणाले, "कुठी चालला रे?" म्हणालो, टिटवीकडे. कोणी ऐकलं असतं तर काय म्हटलं असतं कोणास ठाऊक, बाबा मात्र उठून बसले आणि म्हणाले, "मंग चप्पल घालून जाय, इच्चू निंगतात." तिथे पोचलो, धुऱ्यावरूनच उजेड टाकला. ती बसलेली होती. पूर्ण भिजलेली, मान आत घेऊन, डोळा मात्र उघडा. तासातून पाणी वाहत होतं आणि तिच्या खड्यांच्या कड्याला वळसा घालून, बोटभर अंतरावरून, खाली जात होतं. खडे वाढले होते. ते तिनं आधीच रचले होते की पाणी यायला लागल्यावर, हे मला कळलं नाही. मी उजेड बंद केला आणि भिजत उभा राहिलो. घरी आलो तर बाबा तसेच बसलेले. "हाये?" म्हणाले. मी म्हणालो हाये. मग झोपले.

तीन दिवसांचा मिळून ६८ मिलिमीटर झाला. वीतभर ओल आहे, मी फावड्यानं पाहिली. पऱ्हाटी अर्धी जगली आहे, नांग्या भरल्या की निभेल. आता पुन्हा चार-पाच दिवस उघडीप सांगताहेत आणि पुढचं कोणीच धड सांगत नाही. ७५ झालेला नाही, पण सोयाबीनला आता थांबायलाही दिवस उरले नाहीत. उद्या वाफसा पाहून पेरतो. जमेल की नाही ते मला माहीत नाही, रात्रीचा हिशेब अजून आहेच, पण दोन वाजता तो सुरू झाला की आता आम्ही दोघं उठून चहा करतो आणि मिळून करतो.

ट्रॅक्टरवाल्याला खालचा तुकडा सोडायला सांगितला आहे. तो भाग शेजारच्यांची बैलजोडी आणून तिफणीनं पेरणार, आणि अंड्यांभोवती दहा हाताचं रिंगण पडीक ठेवणार. खुंट्या ठोकून चिंधी बांधावी असं आधी वाटलं, पण मग कावळ्या-कुत्र्यांना आपणच पत्ता दिल्यासारखं होईल. अठ्ठावीस-तीस दिवस बसतात ते, म्हणजे २० तारखेच्या आसपास पिल्लं निघायला पाहिजेत. निघाली की लगेच चालायला लागतात आणि आईनं हाक दिली की ढेकळासारखी गप्प बसतात. धाकटी रोज विचारते, उद्या का?

तुझं काय चाललं आहे? पोरीची बारावी झाली ना, पुढे काय घेतलं? घराचे हप्ते किती राहिले? वहिनींना नमस्कार, काकूंच्या डोळ्यात थेंब वेळेवर टाकत जा, त्या स्वतः टाकत नाहीत. तुझी ॲसिडिटी, चहा कमी कर. टिपेश्वरचा तो वाघ आठवतो का, गळ्यात पट्टा घालून २०१९ मध्ये तेराशे किलोमीटर चालत ज्ञानगंगेच्या जंगलात गेला होता? तो पायी गेला बिचारा. तुझ्याकडे तर रात्रीची ट्रॅव्हल्स आहे, सकाळी यवतमाळला उतरून देते. ये लेका. राखीला ये, पोळ्याला ये, नाहीतर उगाच ये. आपण वाघाडीवर जाऊ, तू जिथे ते फडकं सोडलंस तिथे. काही करायला नाही, नुसतं बसायला.

आणि २० तारखेच्या आत आलास, आणि मी घरी नसलो, तर एकटा वावरात शिरू नकोस. पांदणीकडून वाकड्या पळसापाशी ये, पळसाला पाठ लावून उभा राहा, तिथून सरळ बावीस पावलं. एकविसाव्याला थांब.

तुझा,
बाळ्या